रविवार सकाळ ते गुरुवार रात्र : ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ बसवताना

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हटलं की डोळ्यांपुढे आधी सज्जा येतो आणि मग थडगं. बसवायला घेताना आम्ही या दोन्ही जागा बाजूला ठेवल्या आणि सगळ्यात आधी एक तक्ता तयार केला : कुठला प्रवेश कुठल्या वारी, किती वाजता. नाटक प्रेमाचं आहे, वैराचं आहे, दैवाचंही आहे. पण रंगमंचावर ते तरतं किंवा बुडतं ते वेळेवर. यात सहा जीव जातात आणि खरा खलनायक कुणीच नाही. जो तो जरा घाई करतो, आणि एक पत्र पोचत नाही.

तक्त्यासाठी लागणारी सगळी माहिती संहितेतच आहे. रविवारी सकाळी वेरोनाच्या रस्त्यात नोकरांची मारामारी होते. ती संपल्यावर रोमिओ येतो तेव्हा नुकतेच नऊ वाजलेत. त्याच रात्री ज्युलिएटच्या वडिलांकडे, कॅप्युलेटकडे मेजवानी, आणि मेजवानीनंतर लगेच बागेतला प्रवेश. सोमवारी पहाटे रोमिओ फ्रायर (ख्रिस्ती भिक्षू) लॉरेन्सकडे जातो. नऊ वाजता ज्युलिएट दाईला पाठवते, बारा वाजून जातात तरी दाई परतत नाही. दुपारी लग्न. लग्नाला तास होतो न होतो तोच रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट दोघेही मेलेले असतात. सोमवारची रात्र नवराबायकोची, मंगळवारी उजाडताना हद्दपार झालेला रोमिओ मँटुआला निघतो. मंगळवारी रात्री ज्युलिएट फ्रायरने दिलेलं, मेल्यासारखं झोपवणारं औषध पिते, बुधवारी सकाळी ती ‘मेलेली’ सापडते, आणि गुरुवारची रात्र उलटायच्या आत थडग्यातला शेवट होतो.

शेक्सपिअरने ही घाई मुद्दाम आणली आहे. कथानक त्याने घेतलं आर्थर ब्रूकच्या 1562 सालच्या दीर्घ कवितेवरून. तिथे सगळं कित्येक महिने चालतं; लग्नानंतरही दोघं बरेच दिवस चोरून भेटत राहतात. नाटकात त्याच सुखाला एकच रात्र मिळते. ब्रूकची ज्युलिएट सोळा वर्षांची आहे, शेक्सपिअरची अजून चौदाचीही नाही. 31 जुलैला तिला चौदा वर्षं पूर्ण होणार आहेत आणि त्याला पंधरवडा नि वर थोडे दिवस उरलेत. म्हणजे नाटक जुलैच्या मध्यावर घडतं. उन्हाळ्याने रक्त तापलंय असं रोमिओचा मित्र बेन्व्होलिओ म्हणतो ते उगाच नाही. तालमीच्या हॉलमध्ये तो तक्ता भिंतीवर होता आणि प्रवेश सुरू करण्याआधी वार नि वेळ मोठ्याने सांगितली जाई. नटाला आपण किती जागलेलो आहोत हे कळलं की अर्ध्या हालचाली आपोआप सुधारतात. सोमवारी दुपारी रोमिओ रात्रभर झोपलेला नाही, हे त्याच्या लढाईत दिसायला हवं.

संहितेचं बघू. या नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती महत्त्वाच्या : 1597 ची पहिली क्वार्टो (लहान आकाराची छापील आवृत्ती) आणि 1599 ची दुसरी. दुसरी भरवशाची, साधारण 3,000 ओळींची; पहिली सात-आठशे ओळींनी तोकडी आणि जागोजागी विस्कटलेली. तरी बसवणाऱ्याने पहिली टाकून देऊ नये, कारण तिच्यातल्या रंगसूचना रंगमंच पाहिलेल्या माणसाच्या आहेत. टिबाल्ट रोमिओच्या हाताखालून मर्क्युशिओला भोसकतो आणि पळतो, ज्युलिएट जरा धावतच येऊन रोमिओला मिठी मारते, ती पडद्याआड बिछान्यावर कोसळते, या सूचना तिथल्याच. आम्ही शब्द दुसऱ्या प्रतीतून घेतले आणि हालचाली पहिलीतून.

नांदीत ‘दोन तासांचा खेळ’ असं वचन आहे. इंग्रजीत झपाट्याने बोललं तर तासाला साधारण हजार ओळी होतात, म्हणजे पूर्ण संहिता तीन तासांची. मराठीत आमच्या अनुभवाने सव्वापट वेळ लागतो, आणि अनुवादक प्रत्येक उपमा उलगडून सांगू लागला तर त्याहून जास्त. मंगेश पाडगावकरांनी हे नाटक मराठीत आणलेलं आहे. कुठलाही तयार अनुवाद घ्यायचा तर परवानगी तालमीआधी हातात हवी, आणि काटछाट करायची मुभा त्या परवानगीत स्पष्ट लिहिलेली हवी. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, त्यामुळे काटछाट शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही. सादर होणारीच संहिता तिकडे गेली पाहिजे.

कापायचं काय? दुसऱ्या अंकाआधीचं सूत्रधाराचं निवेदन बिनघोर जातं. चौथ्या अंकाच्या शेवटी वाजंत्री आणि पीटर यांची नोकझोक आहे. दुसऱ्या प्रतीत त्या जागी पीटरऐवजी विल केम्प या विनोदी नटाचंच नाव छापलं गेलंय, म्हणजे ती जागा कुणासाठी राखलेली होती ते कळतं. आपल्याकडे केम्प नाही, तेव्हा तीही जाते. नोकरांच्या कोट्या निम्म्या होतात. मर्क्युशिओचं परीराणी मॅबवरचं भाषण आम्ही तीन चतुर्थांश ठेवलं, कारण ते वाहवत जाणं हाच त्याचा स्वभाव आहे आणि रोमिओने त्याला थांबवायला कारण उरलं पाहिजे.

एक नियम मात्र मोडायचा नाही : वार, वेळ किंवा ठिकाण सांगणारी ओळ कापायची नाही. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. चौथ्या अंकात ज्युलिएट क्षमा मागते आणि खूश झालेला कॅप्युलेट पॅरिसशी ठरवलेलं तिचं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो. छोटीशी जागा, सहज कापली जाते. ती गेली की औषध एक दिवस आधी का घ्यावं लागलं हे कळत नाही, फ्रायरची योजना का कोसळली तेही नाही. तसाच पाचव्या अंकातला फ्रायर जॉनचा प्रवेश, जेमतेम तीस ओळींचा. साथीच्या संशयावरून त्याला एका घरात कोंडून ठेवतात आणि ज्युलिएट खरी मेलेली नाही हे रोमिओला कळवणारं पत्र मँटुआला जातच नाही. हा प्रवेश कापलात तर शेवट निव्वळ दुर्दैव वाटतो. ठेवलात तर प्रेक्षक हळहळतो, कारण कुठे चुकलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

मध्यंतर कुठे, यावर आमच्यात बराच वाद झाला. लग्नानंतर थांबणं गोड वाटतं, पण मग चहा पिऊन आलेल्या प्रेक्षकापुढे एकदम तलवारी निघतात आणि मर्क्युशिओचं मरण थंड जातं. आम्ही मध्यंतर टिबाल्टचा खून आणि रोमिओच्या हद्दपारीनंतर घेतलं. संहितेचा साधारण मध्य तिथेच येतो. शिवाय दुसरा भाग उघडतो तो ज्युलिएटच्या रात्रीची वाट पाहणाऱ्या स्वगताने. सगळ्या नाट्यगृहाला माहीत असतं ते एकट्या तिला माहीत नसतं. ते स्वगत धीट आहे म्हणून पुष्कळदा छाटतात. आम्ही त्यातली एकही ओळ काढली नाही.

पात्रं तीसच्या आसपास आहेत. चौदा नटांत नाटक होतं, बारांत ओढाताण होते. राजकुमार एस्कॅलस तीनदाच येतो, पण त्याला दुसरी भूमिका देऊ नये, त्याचं येणं म्हणजे कायदा येणं. रोमिओची आई लेडी माँटेग्यू हिला तीन ओळी आहेत, ती नटी मेजवानीत मुखवटा घालून नाचू शकते. बेन्व्होलिओ तिसऱ्या अंकात टिबाल्टच्या मृत्यूची हकिगत सांगतो आणि नाटकातून नाहीसाच होतो. पहिल्या प्रतीत शेवटी माँटेग्यू तोही वारल्याचं सांगतो, दुसरीत तेही नाही. आम्ही त्याच नटाला फ्रायर जॉन दिला. फक्त मर्क्युशिओ आणि टिबाल्टच्या नटांना विष विकणारा औषधवाला देऊ नये. मेलेला चेहरा परत दिसला की प्रेक्षक त्यात अर्थ शोधत बसतो आणि 40 डुकाटांचा (सोन्याच्या नाण्यांचा) सौदा निसटतो.

ज्युलिएटसाठी वयाने लहान मुलगी शोधण्याचा मोह टाळा. या भूमिकेला दोन मोठी स्वगतं आणि आईवडिलांशी एक भयंकर प्रवेश आहे. आवाज, श्वास आणि ओळी पेलण्याची ताकद लागते. विशीतली तयार नटी घ्या आणि तिला ‘लहान’ दिसण्यासाठी उड्या मारायला लावू नका. या नाटकात तीच सगळ्यात व्यवहारी आहे. बागेत रोमिओ चंद्राच्या शपथा घेत असतो तेव्हा ‘लग्न करणार असशील तर उद्या निरोप पाठव, कुठे आणि किती वाजता’ हे ती विचारते.

मर्क्युशिओ मरेपर्यंत हे नाटक विनोदी नाटकासारखं चालतं आणि ते तसंच चालवायला हवं. भांडकुदळ म्हातारे, वाचाळ दाई, रोझालिनसाठी उसासे टाकणारा आणि रात्री तिला साफ विसरणारा रोमिओ : हे सगळं हसण्यासाठीच आहे. नटांना शेवट माहीत असतो, म्हणून पहिल्या प्रवेशापासून डोळ्यांत पाणी आणून बोलायची सवय लागते. त्यावर इलाज साधा. पहिल्या दोन अंकांच्या तालमी स्वतंत्र नाटक समजून घ्याव्यात आणि शेवटच्या दोन अंकांना बऱ्याच उशिरा हात लावावा. दुःखाची जबाबदारी नांदीने घेतलेली आहे. ती पहिल्या चौदा ओळींत सगळं सांगून टाकते, त्यामुळे नटांना ते सुचवत बसावं लागत नाही. म्हणून नांदी कापू नये.

मेजवानीतली पहिली भेट आपल्याकडे अवघड होते ती चुंबनामुळे. संहितेत तोडगा आहे. दोघांच्या पहिल्या चौदा ओळी मिळून एक सुनीत होतं : चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग वाटून. सबंध संवाद यात्रेकरू, मूर्ती आणि जोडलेले तळवे यांवर आहे. आम्ही पहिल्या ओळीला रोमिओचा हात पुढे आणला, पाचव्या ओळीला तिने तळवा तळव्याला लावला, आणि चौदाव्या ओळीपर्यंत दोघांनी दुसरी कुठलीच हालचाल केली नाही. मागचे नाचणारे त्या वेळी अर्ध्या गतीने, पाय न आपटता. चौदावी ओळ संपल्यावर ओझरतं चुंबन ठेवा किंवा कपाळाला कपाळ लावा, काम झालेलं असतं. बिघडतं ते संगीतामुळे. ध्वनी देणारा भावुक होऊन आवाज वाढवतो आणि शब्द बुडतात. या चौदा ओळींत संगीत पूर्ण बंद ठेवलेलं चांगलं.

आता तलवारी. एकूण तालमींपैकी निदान पाचवा हिस्सा याच खातात. झगडे चार : रस्त्यातला पहिला, मर्क्युशिओ-टिबाल्ट, रोमिओ-टिबाल्ट, आणि थडग्यापाशी रोमिओ-पॅरिस. सुरुवात तीन फुटी लाकडी काठ्यांनी करा. पात्याच्या तलवारी हात बसल्यावर द्यायच्या. पातं साधारण तेवढंच लांब, धार नसलेलं, टोक घासून गोल केलेलं. प्रत्येक वाराला आकडा द्यायचा आणि दोघांनी तो मोठ्याने म्हणायचा. आधी पाव गती, मग निम्मी, मग पाऊण. पूर्ण गती कधीच नाही, प्रयोगातसुद्धा. प्रेक्षकाला पाऊण गतीच खरी वाटते, कारण त्याला वार दिसतो. दोघांमधलं अंतर असं, की हात पूर्ण ताणला तरी टोक समोरच्याच्या छातीपासून वीतभर लांब राहील. भोसकण्याचा नेम अंगावर नसतो, तो प्रेक्षकांपासून दूरच्या बाजूला, कमरेबाहेर सहा इंच. वार सुटण्याआधी एकदा डोळ्याला डोळा. हे डोळे चुकले की हात चुकतो. बोटांना लागणाऱ्या जखमा बहुधा नवव्या-दहाव्या आकड्यावर होतात, जिथे पाठांतर संपून उत्साह सुरू होतो. प्रत्येक प्रयोगाआधी चारही झगडे निम्म्या गतीने करायचेच. पात्यावर पडलेले खाचे कानशीने घासून घ्यायचे, कारण खाच्यात कापड अडकतं आणि मग बोट कापतं.

झगड्यांचे स्वभाव वेगळे ठेवा. पहिल्यात दहा माणसं असली तरी एका वेळी दोनच जोड्या खरोखर लढतात, बाकीचे ढकलाढकली करतात आणि कॅप्युलेटची बायको नवऱ्याला ‘तलवार कशाला, कुबडी घ्या’ म्हणते. दुसरा झगडा वीसेक वारांचा, नखरेल. मर्क्युशिओ टिबाल्टच्या पुस्तकी तलवारबाजीची टर उडवतोय. तिसरा जेमतेम आठ वारांचा आणि कुरूप. रोमिओ इथे तलवारबाजी करतच नाही, त्याला मारायचंय. पॅरिसशी तर चार-पाच वारच पुरे.

मर्क्युशिओची जखम ही सगळ्यात नाजूक जागा. रोमिओ मध्ये पडतो, त्याची पाठ तिरपी प्रेक्षकांकडे, डावा हात उंच, मर्क्युशिओ त्याच्या पलीकडे. टिबाल्टचं पातं त्या उचललेल्या हाताखालून जातं आणि प्रेक्षकाला फक्त कोपर मागे येताना दिसतं. मित्रांना कळत नाही, रोमिओलाही नाही, मग प्रेक्षकालाही क्षणभर कळता कामा नये. रक्त लगेच दाखवलंत तर ‘ओरखडा आहे’ हा विनोद मरतो. हात जखमेवर दाबून धरायचा, हसू टिकवायचं, आणि विहिरीइतकी खोल नाही की चर्चच्या दाराइतकी रुंद नाही या ओळीपाशी तळवा उघडायचा.

रक्त घरी करता येतं. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, बोटाला चिकटेल इतपत पाक. एकतारी होऊ द्यायचा नाही, गार झाल्यावर घट्ट होतो. त्यात लाल खाद्यरंग, पाव छोटा चमचा कोको आणि निळ्या खाद्यरंगाचा एक थेंब. कोकोशिवाय रंग सरबतासारखा दिसतो. दहा-पंधरा मिलीची पातळ प्लॅस्टिकची पुडी, गाठ मारून, अस्तराच्या आतल्या छोट्या खिशात, तळवा सहज पोचेल अशा जागी. पुडी आधीच फुटते ती दोन कारणांनी : आत हवा राहिली, किंवा अंगरखा घट्ट शिवला. पाकामुळे कपड्यांना मुंग्या लागतात, म्हणून प्रयोग संपताच कपडा थंड पाण्यात टाकायचा, उद्यावर ठेवायचा नाही.

बागेतल्या प्रवेशाला आजच्या अर्थाने सज्जा लागतच नाही. मूळ संहितेत आहे ती खिडकी. वेरोनात ज्युलिएटचं घर म्हणून दाखवतात त्या वास्तूचा सज्जासुद्धा विसाव्या शतकात बसवलेला आहे. लागतं ते अंतर, हात जवळजवळ पोचतील पण पोचणार नाहीत एवढं. आम्ही हिशोब असा केला : लेव्हल (उंच चौथरा) सहा फूट, कठडा तीन फूट. कठड्यावरून वाकलेल्या ज्युलिएटची बोटं जमिनीपासून साडेसात फुटांवर येतात, रोमिओचा उंचावलेला हात सव्वासातपर्यंत. मधले ते तीनचार इंच प्रेक्षकाला सतत दिसत राहतात. लेव्हल आठ फुटांची केली तर पुढच्या रांगांना ज्युलिएटची हनुवटी दिसते, आणि तिच्या चेहऱ्यावर पडायचा प्रकाश झालरीत अडकतो. वरची फळी 18 मिलीमीटर प्लायवूडची, चारही बाजूंना तिरके आधार, आणि मागचा जिना प्रेक्षकांना दिसणार नाही असा. ती लेव्हल हललेली चालत नाही, कारण तिसऱ्या अंकात तिच्यावर दोघं असतात आणि रोमिओ दोराच्या शिडीने खाली उतरतो. शिडी कठड्याला बांधू नका, मुख्य खांबाला बांधा. दोर अंगठ्याएवढा जाड आणि सुती. नायलॉनचा हाताला घसरतो. शिडीचं खालचं टोक एका माणसाने आडोशातून ताणून धरायचं, नाहीतर ती फिरते आणि निरोपाच्या ओळी गेल्या. रोमिओ गेल्यावर आई येते. पहिल्या प्रतीत ज्युलिएट इथे खिडकीतून खाली उतरते, म्हणजे पुढचा मोठा प्रवेश मुख्य रंगमंचावर येतो. तेच बरोबर. कॅप्युलेटचा संताप सहा फुटांवरच्या फळीवर मावत नाही.

प्रकाशाचं थोडक्यात. महत्त्वाचे बहुतेक प्रवेश रात्रीचे आहेत, पण शेक्सपिअरच्या नटांनी ते भर दुपारी उघड्या नाट्यगृहात केले. रात्र दाखवायची ती हातातल्या मशालीने आणि शब्दांनी. म्हणून निळा प्रकाश पार्श्वभूमीवर ठेवा आणि चेहरे उजळ ठेवा. मशाली बॅटरीवरच्या. बंदिस्त नाट्यगृहात, पडदे नि झालरी असताना, खऱ्या ज्योतीचा विचारही नको.

चौथ्या अंकात ज्युलिएटच्या बिछान्याला पडदे हवेत आणि तो हलवायचा नाही. ती औषध पिऊन पडद्याआड पडते आणि त्याच रंगमंचावर लग्नघराची धांदल सुरू होते : पहाटेचे तीन वाजलेत, मुदपाकखान्यात खजूर नि क्विन्सची फळं मागवलीत, कॅप्युलेट नोकरांच्या अंगावर ओरडतोय. पडद्यामागे काय आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आहे. मध्ये अंधार करून बिछाना काढला की हा सगळा ताण जातो. यानंतरचा विलाप मात्र धोक्याचा. ती जिवंत आहे हे माहीत असल्यामुळे चौघांचे लांबलचक हंबरडे एकामागून एक आले तर प्रेक्षागृहात हसू फुटतं. पहिल्या प्रतीत सूचना आहे की सगळे एकदम आक्रोश करतात. तसंच करा. चौघंही एकाच वेळी, अर्ध्या मिनिटाच्या आत, आणि मग फ्रायरचा आवाज. ज्युलिएटने कुशीवर, चेहरा किंचित आत वळवून पडायचं. पाठीवर पडलं की पोट वरखाली होतं ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

थडग्याचा प्रवेश आम्ही वस्तूंच्या यादीपासून बसवला. रोमिओकडे मशाल, कुदळ, पहार, विषाची बाटली आणि कट्यार. पॅरिसकडे फुलं आणि सुगंधी पाणी. आत ज्युलिएट, शिवाय कफनातला टिबाल्ट, कारण रोमिओ त्याच्याशीही बोलतो. बाटली काचेची नको. ज्युलिएटला ती उलटी करून थेंब उरला का ते पाहायचंय आणि हातातून पडली तर अनवाणी पायांखाली काच येते. आत घोटभर पाणी असू द्या, रिकाम्या बाटलीतून पिणं ओळखू येतं.

मग कट्यार. रोमिओ कसा मरून पडतो यावर ज्युलिएटचं मरण अवलंबून आहे. कॅप्युलेट शेवटी म्हणतो की कट्यारीचं घर माँटेग्यूच्या पाठीवर रिकामं आहे आणि ती चुकून माझ्या मुलीच्या छातीत शिरली. म्हणजे म्यान पाठीशी, पट्ट्यात. रोमिओ उताणा पडला की ती त्याच्याखाली अडकते. ज्युलिएट त्याला हलवत, शोधत बसते आणि सगळा प्रवेश गेला. त्याने चुंबनानंतर तिच्या अंगावर न कोसळता बाजूला, कुशीवर, पाठ तिच्याकडे करून घसरायचं. मूठ तिच्या उजव्या हाताच्या टप्प्यात. हे रोज मोजून करायचं, जमिनीवर खूण करून. पातं आत सरकणारी स्प्रिंगची कट्यार घेऊ नका, स्प्रिंग अडकली की ती खरी कट्यार होते. बोथट पात्याची घ्यायची आणि ती काखेखालून, प्रेक्षकांपासून दूरच्या बाजूने न्यायची. शरीर पुढे वाकलं की पुरतं.

रोमिओचा शेवटचा श्वास आणि ज्युलिएटची जाग यांच्यामध्ये फ्रायर धडपडत येतो. हे अंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाचं असावं, जास्त नाही. सतराव्या शतकात नाटककार ऑटवेने आपल्या रूपांतरात आणि 1748 मध्ये नट गॅरिकने ज्युलिएटला रोमिओ मरण्याआधीच जागं केलं आणि दोघांना शेवटचा संवाद दिला. प्रेक्षकांना तो इतका आवडला की शंभराहून जास्त वर्षं तो टिकला. 1845 मध्ये शार्लट कुशमन या नटीने स्वतः रोमिओ करताना मूळ शेवट परत आणला. भेट होऊ देण्याचा मोह आजही अनुभवी दिग्दर्शकांना होतो. आमच्या मते तो साफ टाळावा. तिच्या बोटांची पहिली हालचाल रोमिओच्या अखेरच्या ओळीत सुरू करायची पद्धत चित्रपटांमुळे रूढ झाली आहे, तीही नको. प्रेक्षकाने आधीच किंचाळावं इतकं दाखवलं की नंतरची चुकामूक फिकी पडते.

फ्रायर ज्युलिएटला सोडून पळतो, ही नटासाठी सगळ्यात कठीण जागा. बाहेरचा पहारेकऱ्यांचा आवाज उशिरा आला तर तो भेकड वाटतो आणि प्रेक्षक त्याच्यावर चिडून बसतो. आवाज त्याच्या पहिल्या वाक्यालाच सुरू व्हावा, दुसऱ्याला जवळ यावा, तिसऱ्याला दारात. तीनदा तो तिला ‘चल’ म्हणतो, ती हलत नाही.

ज्युलिएट मेल्यावर संहितेत अजून सव्वाशेच्या वर ओळी आहेत आणि अनेकजण तिथेच पडदा पाडतात. आम्ही चाळीसेक ओळी ठेवल्या. फ्रायरची हकिगत बारा ओळींत बसते आणि ती लागतेच : प्रेक्षकाला सगळं माहीत आहे, आईबापांना काहीच नाही, आणि हा प्रवेश त्यांच्या ऐकण्याचा आहे. नटांना सांगावं लागतं की फ्रायरकडे नाही, कॅप्युलेटकडे बघा. त्याच रात्री माँटेग्यूची बायको मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने गेली आहे, तीही ओळ ठेवा. मग कॅप्युलेट हात पुढे करतो, आणि माँटेग्यू म्हणतो मी तर तुझ्या मुलीचा सोन्याचा पुतळा उभारीन; लगेच कॅप्युलेट म्हणतो, मग तितकाच भारी रोमिओचाही. दोन म्हातारे अजून एकमेकांवर चढ करताहेत की खरोखर विझलेत, ते दिग्दर्शकाने ठरवावं, पण ठरवावंच. आम्ही दोघांना मृतदेहांच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसवलं, म्हणजे हातात हात द्यायचा तर तो मुलांच्या अंगावरूनच द्यावा लागतो. राजकुमाराच्या शेवटच्या सहा ओळी उभ्याने, सरळ, सुनावणी अजून बाकी आहे अशा आवाजात : कुणाला माफी, कुणाला शिक्षा, ते पुढे ठरेल. तोवर पूर्वेकडचा पांढरा प्रकाश पुरता चढलेला हवा. शेवटच्या शब्दावर पडदा नेहमीच्या गतीने टाका.